राव–ब्लॅकवेल यांतले ब्लॅकवेल

कृष्णाकाठ

गेली एकवीस वर्षं मी बी.एस्सी.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. दरवर्षी राव–ब्लॅकवेल प्रमेय फळ्यावर येतं आणि दरवर्षी मी संख्याशास्त्रज्ञ सी. आर. रावांबद्दल भरभरून बोलते. हडगलीचा जन्म, कलकत्त्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, १९४५ चा तो निबंध. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आणि ब्लॅकवेल कोण?" मी म्हटलं, अमेरिकन प्राध्यापक, बर्कलीला होते. पुढे मला एक वाक्य सांगता आलं नाही. ज्या माणसाचं नाव वीस वर्षं तोंडात आहे त्याच्याबद्दल एक वाक्य नाही, हे फार लागलं. गेले दोन महिने त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. त्या मुलीला द्यायचं उत्तर इथे लिहिते.

डेव्हिड हॅरॉल्ड ब्लॅकवेल. जन्म २४ एप्रिल १९१९, इलिनॉय राज्याच्या दक्षिणेकडचं सेंट्रेलिया गाव. गावाचं नावच इलिनॉय सेंट्रल रेल्वेवरून पडलेलं, आणि वडील त्याच रेल्वेत इंजिनांच्या देखभालीला. चार भावंडांत डेव्हिड थोरला. शाळेत बीजगणिताने त्याला फारसं ओढलं नाही, पण भूमितीने वेड लावलं. आकृतीकडे कितीही वेळ बघितलं तरी काही सुचत नाही, आणि एक रेघ मारली की सगळं लख्ख दिसतं, याचं त्याला अप्रूप होतं. आपण सिद्धतेत 'रचना' म्हणून जी रेघ काढतो, तीच ही. म्हातारपणीच्या मुलाखतीतही त्या रेघेबद्दल ते तितक्याच आनंदाने बोलतात.

सोळाव्या वर्षी, १९३५ साली, इलिनॉय विद्यापीठात गेले ते प्राथमिक शिक्षक व्हायचं म्हणून. नोकरी नक्की मिळेल असा तो एक धंदा होता. आपल्या शिक्षणासाठी वडील कर्ज काढताहेत हे कळल्यावर त्यांनी घरून पैसे घेणं थांबवलं. भांडी घासली, खानावळीत वाढप्याचं काम केलं, कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साफसफाई केली. १९३८ ला पदवी, १९३९ ला एम.ए., १९४१ ला पीएच.डी. वय बावीस. मार्गदर्शक जोसेफ डूब, विषय मार्कोव्ह साखळ्या, म्हणजे पुढची पायरी फक्त आत्ताच्या स्थितीवर ठरते अशा यादृच्छिक प्रक्रिया. डूब म्हणजे संभाव्यताशास्त्रातलं फार मोठं नाव, विषय शिकलेल्यांना ते सांगायला नको.

मग रोझेनवाल्ड शिष्यवृत्तीवर एक वर्ष प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीत. तिथे थोर गणिती जॉन फॉन नॉयमन होते. त्यांनी या पोराला विचारलं, तुमचा प्रबंध काय आहे ते एकदा येऊन सांगा. ब्लॅकवेलना वाटलं, मोठा माणूस बोलण्यापुरतं बोलला, म्हणून गेलेच नाहीत. काही महिन्यांनी फॉन नॉयमननी पुन्हा हटकलं, प्रबंध सांगायला कधी येताय? गेले. दहाएक मिनिटं ऐकून घेतल्यावर फॉन नॉयमनच त्यांना सांगू लागले की हे असं केलं असतं तर सोपं झालं असतं.

संस्थेच्या सदस्यांना शेजारच्या प्रिन्स्टन विद्यापीठाचं मानद सदस्यत्व देण्याची प्रथा होती. ब्लॅकवेल कृष्णवर्णीय, म्हणून विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हरकत घेतली. इन्स्टिट्यूट ठाम राहिली. नोकरी शोधायची वेळ आली तेव्हा त्यांनी १०५ पत्रं लिहिली, कारण देशात कृष्णवर्णीयांची कॉलेजं १०५ होती. तीन ठिकाणांहून होकार आला. १९४२ ला बॅटन रूजचं सदर्न विद्यापीठ, मग अटलांटाचं क्लार्क कॉलेज, आणि १९४४ पासून वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ. तिथे दहा वर्षं, १९४७ पासून विभागप्रमुख.

बर्कलीचे संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन यांनी १९४२ मध्येच त्यांची न्यूयॉर्कला मुलाखत घेतली होती आणि त्यांना ते हवे होते. पण गणित विभागप्रमुखांच्या घरी प्राध्यापकांना जेवायला बोलावण्याची पद्धत होती, आणि प्रमुखांच्या पत्नीने काळ्या माणसाला घरात घेणार नाही असं सांगितलं, अशी हकिकत नोंदलेली आहे. जागा मिळाली नाही. १९५४ साली नेमननीच त्यांना पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलावलं, आणि १९५५ ला संख्याशास्त्राचा वेगळा विभाग झाला तेव्हा पूर्ण प्राध्यापकपद दिलं. बर्कलीतले कायमस्वरूपी नेमणूक मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक. थोड्याच काळात ते विभागप्रमुखही झाले.

ते संख्याशास्त्राकडे कसे वळले ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. ती प्रतिसादात लिहिते, इथे फार लांबेल.

भुसावळकर

ताई, छान लिहिलंय. एक भर. इंजिनांच्या देखभालीचं ते काम आमच्या घरातलं. माझे वडील लोको शेडमध्ये होते, वाफेच्या इंजिनांच्या काळात. गाडी ओढून आलेलं इंजिन शेडमध्ये घ्यायचं, राख काढायची, पाणी-कोळसा भरायचा, पुढच्या पाळीसाठी वाफेवर तयार ठेवायचं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या कपड्यांना येणारा वास मला अजून आठवतो. त्या पगारात चार मुलं आणि थोरल्याला विद्यापीठ म्हणजे काय ते मी समजू शकतो. वडिलांचं कर्ज कळल्यावर मुलाने भांडी घासायला घेतली, तिथे मी वाचताना थांबलो.

मोगरा

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकली म्हणून स्पष्ट लिहिते. बर्कलीची हकिकत तुम्ही चार ओळींत उरकली आणि फॉन नॉयमनच्या गप्पांना जास्त जागा दिली. बारा वर्षं हा माणूस त्या खुर्चीत बसू शकला नाही, कारण एका घरातल्या जेवणाच्या टेबलावर त्याला जागा नव्हती. ते आधी यायला हवं होतं. जातीमुळे पंगतीतून उठवलेली माणसं आपल्याकडे काही कमी झालेली नाहीत, ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

अनिकेत_द

मोगरा, तुमचा मुद्दा मान्य आहे, तरी मला वाटतं धागालेखिकेने क्रम बरोबर ठेवलाय. ब्लॅकवेल स्वतः मुलाखतींत या गोष्टींवर फार बोलत नसत. गणिताबद्दल विचारलं की मात्र थांबत नसत. त्यांची ओळख त्यांच्या कामाने व्हावी.

कृष्णाकाठ

मोगरा, दोन दिवस तुमच्या प्रतिसादाचाच विचार करते आहे. तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. आणि मला त्या जेवणाच्या टेबलाहूनही १०५ हा आकडा जास्त छळतो. डूबचा विद्यार्थी, बावीसाव्या वर्षी डॉक्टरेट, प्रिन्स्टनचं एक वर्ष. आणि त्याने एकाही गोऱ्या विद्यापीठाला अर्ज केला नाही. आपल्याला नोकरी कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातच मिळणार, हे त्याने गृहीत धरलं होतं. नकार यायच्या आधीच तो पोचलेला होता. मुलाखतीत ते हे अगदी सहज सांगतात, रागाचा एक शब्द नाही. मला मात्र वाचताना राग आला. तो मी लेखात दाबला, ते चुकलं.

अनिकेत, ते बोलत नसत हे खरं, पण म्हणून आपण बोलू नये असं नाही.

आता कबूल केलेली गोष्ट. १९४५ साल, वॉशिंग्टन. ब्लॅकवेल हॉवर्डला शिकवतात, आजूबाजूला संशोधन करणारं कोणी नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखेत मायर गिर्शिक यांचं व्याख्यान असतं. गिर्शिक कृषी खात्यात संख्याशास्त्रज्ञ. विषय 'सिक्वेन्शियल अॅनालिसिस', म्हणजे किती नमुने घ्यायचे हे आधी न ठरवता, निकाल बघत बघत कुठे थांबायचं ते ठरवणं. संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्डने महायुद्धात काढलेलं नवंकोरं शास्त्र. त्यात गिर्शिक यांनी वाल्डचं एक समीकरण सांगितलं. मी वर्गात ते असं सांगते.

फासा टाकत राहा, ६ पडला की थांबा, आणि सगळ्या दानांची बेरीज करा. ६ पडायला सरासरी ६ वेळा टाकावं लागतं. एका दानाची सरासरी ३.५. वाल्डचं समीकरण म्हणतं, बेरजेची सरासरी ६ गुणिले ३.५, म्हणजे २१. आता मन बंड करतं. आपण तर नेहमी सहावर थांबतोय, शेवटचं दान कायम सगळ्यात मोठं, मग सरासरी नुसत्या गुणाकाराने कशी येईल? करून बघा. सहाच्या आधीची पाच दानं, प्रत्येकाची सरासरी ३, म्हणजे १५. अधिक ६. एकवीसच.

ब्लॅकवेलना ते समीकरण खोटं वाटलं. घरी जाऊन त्यांनी ते मोडणारं उदाहरण रचलं आणि गिर्शिकना टपालाने पाठवलं. उदाहरण चुकलेलं होतं. एखाद्याने पत्र टोपलीत टाकलं असतं. गिर्शिक यांनी फोन केला, भेटायला बोलावलं. त्यातून मैत्री झाली, ती गिर्शिक यांच्या अखेरपर्यंत टिकली. १९४६ ला ब्लॅकवेलनी त्याच वाल्ड-समीकरणावर निबंध लिहिला, आणि १९५४ ला दोघांचं 'थिअरी ऑफ गेम्स अँड स्टॅटिस्टिकल डिसिजन्स' हे पुस्तक आलं. एका चुकलेल्या पत्रातून हे सगळं.

देवगडी

फार सुंदर. मी वाणिज्य शाखेचा. राव–ब्लॅकवेल प्रमेय आमच्यासारख्यांना समजेल असं सांगता येईल का?

कृष्णाकाठ

देवगडी, प्रयत्न करते.

एक वाकडं नाणं आहे. छापा पडण्याची शक्यता किती ते शोधायचंय. दहा वेळा उडवलं, सात वेळा छापा. आता समजा, मी आळसाने फक्त पहिल्यांदा काय पडलं ते बघते: छापा असेल तर माझा अंदाज १, काटा असेल तर ०. हा अंदाज वेडगळ आहे, पण पक्षपाती नाही. पुन्हा पुन्हा केला तर त्याची सरासरी बरोबर जागी येते. नुसता इकडून तिकडे फार उड्या मारतो.

यातली कामाची माहिती कोणती? छापे एकूण किती पडले, ही. ते कोणत्या क्रमाने पडले याने नाण्याबद्दल जास्त काही कळत नाही. त्या एकूण संख्येला आम्ही सफिशियंट स्टॅटिस्टिक म्हणतो. प्रमेय सांगतं, तुझा वेडगळ अंदाज घे, एकूण छापे सात आहेत एवढं धर, आणि सात छापे ज्या ज्या क्रमांनी पडू शकतात त्या सगळ्यांवर त्या अंदाजाची सरासरी काढ. पहिल्यांदा छापा पडला असण्याचं प्रमाण किती? दहात सात. म्हणजे नवा अंदाज ०.७. पहिल्या फेकीवर अडलेला अंदाज आपोआप शहाणा झाला. हे सगळीकडे चालतं, आणि अंदाजाच्या उड्या कधीही वाढत नाहीत.

राव १९४५, कलकत्त्याच्या गणित मंडळाची पत्रिका. ब्लॅकवेल १९४७, हॉवर्डमधून. दोघांनी स्वतंत्रपणे काढलं. एक पारतंत्र्यातल्या देशातला, दुसरा आपल्याच देशात वेगळ्या दारातून जायला लागणारा. प्रमेयाच्या नावात ते शेजारी आहेत.

जुनी_वही

पुण्याचा एक धागा जोडतो. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक प्रमुख डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार मूळचे कोल्हापूरचे, आणि जन्मसाल १९१९, म्हणजे ब्लॅकवेल यांचंच. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे पीएच.डी., १९५३ पासून पुण्यात. त्यांच्या कामाचा मोठा भाग याच सफिशियंट स्टॅटिस्टिकवर आहे. आमच्या पिढीने विषय त्यांच्या परंपरेत शिकला, म्हणून राव–ब्लॅकवेल आमच्या वहीच्या पहिल्या पानांत असायचं. पण त्या ब्लॅकवेलचा चेहरा कसा, आयुष्य कसं, हे तुमच्यासारखंच मलाही आज कळतंय.

जेफ्रीज बेझवादी, म्हणजे एकदाच घडणाऱ्या गोष्टीलाही आपल्या खात्रीचं माप म्हणून संभाव्यता देता येते असं मानणारे. त्यावरून आठवलं. ब्लॅकवेलही पुढे बेझवादी झाले ना?

कृष्णाकाठ

हो, आणि त्याची सुरुवात एका प्रश्नातून झाली. १९४८ ते १९५० च्या उन्हाळ्यांत ते कॅलिफोर्नियात रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत असत. एकदा एका अर्थतज्ज्ञाने खोलीत येऊन विचारलं, पुढच्या पाच वर्षांत मोठं युद्ध होण्याची संभाव्यता किती? त्याला अंदाजपत्रकासाठी आकडा हवा होता. ब्लॅकवेलनी शिकल्याप्रमाणे उत्तर दिलं: संभाव्यता पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींची असते, ही तर एकदाच घडणारी. उत्तर ० किंवा १, आणि कोणतं ते पाच वर्षांनी कळेल. तो म्हणाला, तुम्ही हेच म्हणाल अशी भीती होती, बाकीच्या संख्याशास्त्रज्ञांनीही हेच सांगितलं.

तो गेला, पण ब्लॅकवेलना आपलं उत्तर बोचत राहिलं. माणसाने गंभीर प्रश्न आणला होता आणि आपल्या शास्त्राने त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. पुढे बेझवादी संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांच्याशी बोलून ते बेझच्या बाजूला आले ते कायमचे. १९६९ चं त्यांचं 'बेसिक स्टॅटिस्टिक्स' हे त्या दृष्टीने लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांपैकी.

रँडमध्ये द्वंद्वाचं गणितही चालायचं. दोघं पिस्तूल घेऊन एकमेकांकडे चालत येताहेत, प्रत्येकाकडे एकच गोळी. लांबून झाडली तर चुकण्याची भीती, थांबलो तर समोरचा आधी झाडेल. आवाज ऐकू येत असेल आणि नेम सारखा असेल, तर नेम लागण्याची शक्यता अर्धी होईल तिथे झाडावी. पण आवाज येतच नसेल तर? समोरच्याची गोळी संपली की नाही हे कळत नाही. तेव्हा उत्तर एक जागा नसून चिठ्ठी टाकून निवडलेली जागा असते. अंतर कमी होईल तशी नेम लागण्याची शक्यता सरळ रेषेत वाढत असेल, तर ती एकतृतीयांश होईपर्यंत झाडायचीच नाही, हे मला फार विलक्षण वाटलं.

अनिकेत_द

मी डेटावाल्या कंपनीत आहे. माझ्या कामात त्यांचं नाव दोन ठिकाणी येतं. एक, एनव्हिडियाने मार्च २०२४ मध्ये जी नवी चिप-रचना जाहीर केली तिचं नाव ब्लॅकवेल. आधीची संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांच्या नावाची होती. दुसरं जास्त खोल आहे. १९५६ च्या निबंधात त्यांनी असा प्रश्न घेतला: रोज एक निर्णय घ्यायचाय, समोरचा काय करील माहीत नाही, आणि हिशेब एका आकड्याचा नाही, एकाच वेळी अनेक आकड्यांचा. हे सगळे आकडे दीर्घकाळात आपल्याला हव्या त्या पट्ट्यात आणता येतील का? त्यांनी नुसतं कधी येतील ते सांगितलं नाही, रोज काय करायचं तेही सांगितलं: आजवरची सरासरी जिथे भरकटली असेल तिथून परत ओढणारी चाल खेळा. हवामानाचे टक्केवारीतले अंदाज खरे ठरत राहतील असे कसे द्यायचे, याची सिद्धता कित्येक दशकांनी याच प्रमेयावर उभी राहिली.

अर्थशास्त्रात तर 'ब्लॅकवेल क्रम' शिकवतातच. दोन चाचण्यांतली कोणती जास्त माहिती देते? मूळ एक्स-रेची फिल्म आणि तिचा मोबाइलवर काढलेला धूसर फोटो घ्या. फिल्मवरून फोटो करता येतो, फोटोवरून फिल्म नाही. म्हणून डॉक्टर कोणीही असो, निर्णय कोणताही असो, फिल्म फोटोपेक्षा कमी उपयोगाची कधीच नसते. त्यांनी उलटही सिद्ध केलं: एखादी चाचणी प्रत्येक निर्णयासाठी दुसरीइतकी किंवा जास्त उपयोगी असेल, तर दुसरी ही पहिलीची धूसर प्रतच असते. हे उलटं सिद्ध करणं अवघड.

मोगरा

ताई, तुमच्या उत्तराबद्दल आभार. "नकार यायच्या आधीच तो पोचलेला होता" हे लिहून ठेवलंय. शिक्षक म्हणून ते कसे होते?

कृष्णाकाठ

साठाहून जास्त विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे पीएच.डी. केली. १९६५ ला नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडलेले ते पहिले कृष्णवर्णीय, १९७९ ला फॉन नॉयमन यांच्याच नावाचं पारितोषिक मिळालं. पण मला त्यांचं एक बोलणं या सगळ्यापेक्षा मोठं वाटतं. ते म्हणत, मला संशोधनात मुळात रस नाही, कधीच नव्हता. मला समजून घेण्यात रस आहे, आणि ती अगदी वेगळी गोष्ट आहे. पुष्कळदा एखादी गोष्ट समजून घ्यायची तर ती स्वतःच सोडवावी लागते, कारण आधी कोणी सोडवलेली नसते. म्हणूनच त्यांचे निबंध छोटे आणि विषय इतके विखुरलेले. एक गोष्ट समजली की ते पुढे जात.

८ जुलै २०१० ला बर्कलीतच गेले, वयाच्या ९१ व्या वर्षी. पत्नी अॅन चार वर्षं आधी गेल्या होत्या. आठ मुलं. राष्ट्रीय विज्ञान पदक मृत्यूनंतर मिळालं. आणि २०१८ पासून बर्कलीत विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाला त्यांचं नाव आहे. ज्या गावात त्यांना एका घराचा उंबरा ओलांडू दिला नाही, तिथेच आता दरवर्षी शेकडो मुलं ब्लॅकवेल हॉलमध्ये राहायला येतात. मोगरा, हे तुमच्यासाठी लिहिलं.

मागचा_बाक

मॅडम, मी तीच. वर्गात विचारलं ती. मैत्रिणीने धागा पाठवला म्हणून आजच सदस्य झाले.

एक शंका आहे. फाशाच्या खेळात मी सहाच्या एक दान *आधी* थांबले तर? दानं सरासरी ५, प्रत्येकाची सरासरी ३.५, म्हणजे समीकरणाने १७.५ यायला हवेत. पण तुमच्याच हिशेबाने १५ येतात. मग समीकरण मोडलं ना?

कृष्णाकाठ

अगं, किती बरं वाटलं तुला इथे बघून!

हिशेब तुझा बरोबर आहे, १५ च येतात. पण तू थांबतेस कधी? पुढचं दान सहा पडणार हे कळल्यावर. ते कळायला ते दान टाकून बघावं लागतं. वाल्डची अट अशी आहे की थांबायचं की नाही हे आतापर्यंत पडलेल्या दानांवरूनच ठरवायचं, पुढचं बघून नाही. तू नेमकी ती अट मोडलीस, आणि म्हणून ती अट का लागते हे तुझ्या उदाहरणातून दिसतं. माझ्या वीस वर्षांच्या टिपणांत ते नव्हतं.

सोमवारी पहिल्या तासाला हे फळ्यावर तू मांड. फासे मी आणते.